पावसाळ्यात टाकीत राहिलेले पेट्रोल

नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात आमच्या घरची एक लहान फायबरची होडी असून तिला टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेले, इंजिन आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ती किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला पूजा झाली की पुन्हा पाण्यात उतरवतात. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत, खाडीच्या ऐन मध्यावर, इंजिनाने दोन-तीन गचके दिले आणि ते बंद पडले. ओहोटी लागली होती. काका आणि मी वल्ही मारत कसेबसे जेट्टीला लागलो.

मिस्त्रींनी टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले आणि बाटली उजेडात धरली. वर पेट्रोल, खाली बोटभर उंचीचा गढूळ थर, आणि दोहोंच्या मध्ये आखल्यासारखी स्पष्ट रेघ. "काका, टाकी अर्धी ठेवून होडी झाकली होती ना?" त्यांनी विचारले. तसेच झाले होते.

पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते थेंबाथेंबाने तळाशी बसत असे आणि काढून टाकता येत असे. 2022 साली आपल्याकडे पेट्रोलमधील इथेनॉलचे, म्हणजे त्यात मिसळल्या जाणाऱ्या अल्कोहोलचे, प्रमाण 10 टक्क्यांवर गेले आणि 2025 पर्यंत ते 20 टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी स्वतःत विरघळवून घेते, त्यामुळे बराच काळ काहीच दिसत नाही. मात्र ही क्षमता संपली, किंवा गारव्याने ती कमी झाली, की पाणी आणि इथेनॉल मिळून एकदम खाली उतरतात. इंजिनाला इंधन पुरवणारी नळी नेमकी तिथूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये धोका अधिक, कारण वंगणासाठी पेट्रोलमध्येच मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते आणि खालच्या थरावर इंजिन चाललेच तर ते वंगणाविना चालते. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेनही (इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता) इथेनॉल गेल्यामुळे घटलेले असते. एकदा फाटलेले हे मिश्रण कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही.

दमट हवेला सगळा दोष देणे मला पटत नाही. हवेतून ओलावा येतो, पण सावकाश. आमच्या टाकीच्या झाकणाचा वायसर चिरला होता आणि दोन महिन्यांचा पाऊस त्यातून झिरपला होता. आउटबोर्ड बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतच्याच मिश्रणाला मान्यता देतात, हेही होडी असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. आपल्या इंजिनाची पुस्तिका एकदा तरी उघडून पाहावी.

इथेनॉल किती आहे हे घरीही पाहता येते. खुणा असलेल्या काचनळीत 10 मिलिलिटर पाणी आणि 100 मिलिलिटर पेट्रोल घालून हलवले आणि थोडा वेळ स्थिर ठेवले, की 20 टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये पाण्यात इथेनॉल उतरून खालचा थर 30 मिलिलिटरच्या खुणेजवळ जातो. हे मोकळ्या जागेत, आगीपासून दूर करावे.

यंदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काकांनी रोजच्यापुरतेच पेट्रोल आणले, टाकी कोरडी केली, वायसर बदलला आणि इंधनाच्या नळीवर पाणी वेगळे करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर बसवला. त्याची पारदर्शक वाटी ते आता रोज पहाटे, दोरी सोडण्याआधी, टॉर्च लावून पाहतात.