मोरजीला काइटसर्फिंग: उभं राहता आलं, पुढे काय?

काइटसर्फिंगमध्ये, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने पाण्यावर बोर्ड चालवण्यात, बोर्डवर उभं राहता येणं आणि बोर्ड ताब्यात असणं यांत बरंच अंतर आहे. उभं राहणं मला चौथ्या दिवशी जमलं. ताबा यायला त्यानंतर पाण्यातले साधारण पंधरा तास लागले. त्या पंधरा तासांत नेमकं काय बदललं, ते इथे लिहितो. ज्यांना वॉटर स्टार्ट (काइटच्या ओढीने पाण्यातून उठून बोर्डवर उभं राहणं) येतो, पण जे दर फेरीला वाऱ्याबरोबर खाली वाहत जातात आणि काइट डोक्यावर धरून वाळूतून परत चालत येतात, त्यांना याचा उपयोग होईल.

आधी जागेबद्दल. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या मोरजीला फेब्रुवारी ते एप्रिल दुपारी जो वारा मिळतो, तो म्हणजे शाळेच्या भूगोलातले खारे वारे. जमीन तापली की दीड-दोनच्या सुमारास वायव्येकडून वारा धरतो आणि साडेतीन-चारला भरात येतो. चांगल्या दिवशी १२ ते १५ नॉट, म्हणजे ताशी २२ ते २८ किलोमीटर. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर तो उजवीकडून, तिरका काठाकडे येतो. शिकणाऱ्याला हेच हवं असतं, कारण काही चुकलं तरी वारा किनाऱ्याकडेच आणून टाकतो. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात काइट उघडूच नये.

वाहत जाण्याची दिशा मात्र दक्षिणेची, आणि दक्षिण टोकाला शापोरा नदीचं मुख आहे. ओहोटीला तिथलं पाणी बाहेर ओढतं. म्हणून सुरुवात नेहमी आश्वेच्या बाजूने, उत्तरेकडे बरंच चालत जाऊन करायची. मोरजीच्याच टेंब भागातल्या वाळूत कासवं अंडी घालतात. कुंपण घातलेल्या भागात काइट उतरवायचा नाही की दोऱ्या पसरायच्या नाहीत.

माझं वजन ७० किलो. या वाऱ्यात १२ चौरस मीटरचा काइट आणि १४० × ४२ सेंटिमीटरचा बोर्ड मला बरोबर बसला. शिकताना बोर्ड मोठाच घ्यावा. तो कमी वेगातही पाण्यावर तरंगतो, त्यामुळे काइट सारखा वरखाली फिरवावा लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. भीती वाटली की हात बार (काइटच्या दोऱ्या जोडलेला, हातात धरायचा दांडा) अंगाकडे ओढतात, आणि काइटचा जोर त्यानेच वाढतो. पतंगाच्या भाषेत सांगायचं तर घाबरल्यावर ढील द्यायची असते. हे डोक्याला लगेच कळतं, हाताला कळत नाही. म्हणून कमरेएवढ्या पाण्यात, बोर्ड बाजूला ठेवून, काइट वर १२ वाजता (घड्याळाच्या काट्यासारखा, थेट डोक्यावर) धरायचा आणि बार पूर्ण सोडायचा. असं वीस-तीस वेळा करायचं. बार सुटला की काइटचा बहुतेक जोर जातो. तरीही ओढत राहिला तर क्विक रिलीज (काइट कमरपट्ट्यापासून सोडवणारी कळ), आणि त्यानंतरही ओढ थांबली नाही तर लीशचं, म्हणजे काइटशी जोडून ठेवणाऱ्या शेवटच्या दोरीचं रिलीज. हा क्रम डोळे मिटून हाताला सापडला पाहिजे.

बार सतत ओढून धरण्याचा दुसरा तोटा हलक्या वाऱ्यात दिसतो. मागच्या दोऱ्या ताणल्या जाऊन काइटची मागची कड खाली ओढली जाते, काइट पुढे उडायचा थांबतो आणि उलटा मागे पडू लागतो. नवख्याला वाटतं वारा पडला, म्हणून तो आणखी ओढतो. अशा वेळी बार वीतभर सोडला की काइट पुन्हा पुढे सरकतो. वारंवार असं झालं तर ट्रिम (दोऱ्यांच्या लांबीचा मेळ) तपासावा.

वाहत जाण्याचं खरं कारण मात्र बहुतेकदा बोर्ड असतो. सपाट पडलेला बोर्ड काइट नेईल तिकडे जातो. त्याची टाचेकडची कड पाण्यात रुतली की तो अडतो आणि ओढीचं रूपांतर पुढे जाण्यात होतं. कड रुतवायला पाय पुरत नाहीत, सगळं अंग लागतं. पुढचा पाय जवळजवळ सरळ, मागचा गुडघ्यात वाकलेला, वजन थोडं मागच्या पायावर, खांदे मागे आणि कंबर बारकडे ढकललेली. खुर्चीत बसल्यासारखी कंबर मागे गेली की कड सुटलीच.

मान हाही सुकाणूचाच भाग आहे. काइटकडे पाहत राहिलं तर अंग काइटकडे वळतं आणि मागोमाग बोर्डही. पुढच्या खांद्यावरून, वारा येतो त्या बाजूची, लांबची एक खूण पकडायची. मला सर्वांत जास्त फायदा एका साध्या युक्तीने झाला: वेग आला की मागचा हात बारवरून काढून मागे सोडायचा. खांदे आपोआप उघडतात, कंबर फिरते आणि कड बसते.

क्रम चुकवू नये. वॉटर स्टार्टनंतर लगेच कड रुतवली तर बोर्ड बुडतो. आधी बोर्डचं नाक थोडं काइटकडे ठेवून वेग घ्यायचा, मग काइट १:३० वाजता (डावीकडे जाताना १०:३०) स्थिर करायचा आणि हळूहळू टाचा दाबायच्या. काइट सारखा वरखाली फिरत राहिला तर प्रत्येक खेचीला तो तुम्हाला काही मीटर वाऱ्याखाली नेतो.

वेग हाताबाहेर जातो, त्याचंही कारण आहे. तुम्ही जितके वेगाने जाता, तितका जास्त वारा काइटला लागतो आणि तो आणखी ओढतो. अशा वेळी काइट झटक्यात वर नेऊन बार ओढला तर माणूस हवेत उचलला जातो. आधी थोडी ढील, मग टाचा. बोर्ड वाऱ्यावर चढू लागला, म्हणजे वारा येतो तिकडे सरकू लागला, की काइट वाऱ्याच्या पट्ट्याच्या (काइट जिथे उडू शकतो त्या भागाच्या) कडेला जातो आणि ओढ कमी होते. थांबायचं असेल तर काइट सावकाश १२ कडे, बार बाहेर, टाचांवर जोर, आणि पाण्यात बसायचं.

प्रगती मोजायला मी काठावरचा एक माड धरला होता. त्याच्यासमोरून निघायचं, शंभरेक मीटर आत जाऊन परत यायचं, आणि बाहेर निघताना माड किती लांब राहिला ते पाहायचं. आत जाताना उजवा पाय पुढे असतो, येताना डावा. माझा तोटा जवळजवळ सगळा येतानाच व्हायचा. म्हणून शेवटचे काही तास फक्त डावा पाय पुढे ठेवून, छोट्या छोट्या टप्प्यांत, प्रत्येक टप्प्यानंतर थांबून सराव केला.

रेषा धरता येऊ लागली की वाटेचे नियमही पाळता येतात, त्याआधी नाही. उजवा हात पुढे असलेल्याला वाट द्यायची, आणि काठावरून आत जाणाऱ्यालाही. मोरजीच्या वायव्य वाऱ्यात या दोन्ही नियमांनी वाट एकाच माणसाला मिळते, त्यामुळे परत येणाऱ्याने बाजूला व्हायचं हे इथे पक्कं. जवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला असलेल्याने काइट उंच न्यायचा, खालच्याने खाली घ्यायचा.