टायटॅनियमची रिकामी जागा कोण बळकावतं?

पॉलिप्रॉपिलीनची बॅच थंड पडली, म्हणजे अभिक्रिया मंदावली, की सगळे उत्प्रेरकाला दोष देतात. आधी मोल मोजा. 10 मिलिग्रॅम झिग्लर-नाट्टा उत्प्रेरकात (प्रॉपिलीनचे रेणू जोडून साखळी करणारा टायटॅनियमचा उत्प्रेरक), 2.5 टक्के धरलं तर, टायटॅनियम भरतं जेमतेम 5 मायक्रोमोल. 500 ग्रॅम प्रॉपिलीनमध्ये 5 पीपीएम (वजनाने दहा लाखांत 5 भाग) पाणी असेल तर तेच 140 मायक्रोमोल होतं, म्हणजे टायटॅनियमच्या सत्तावीसपट! तरीही बॅच चालते, कारण सोबत 1.3 मिलिमोल ट्रायइथाइल ॲल्युमिनियम, म्हणजे आपलं टील, घातलेलं असतं. पाण्याचा समाचार ते आधीच घेतं.

कार्बन मोनॉक्साइडचा बंदोबस्त मात्र टील करत नाही, आणि खरा घात तिथेच होतो. कोसी-आर्लमन यंत्रणेत, म्हणजे साखळी कशी वाढते याच्या स्पष्टीकरणात, टायटॅनियमवर एकीकडे वाढती साखळी असते, शेजारी एक जागा रिकामी. प्रॉपिलीनचा दुहेरी बंध त्या जागेवर टेकतो, क्षणभर चार अणूंचं कडं जुळतं, साखळी प्रॉपिलीनवर सरकते आणि तिची जुनी जागा मोकळी होते. कार्बन मोनॉक्साइड नेमकी हीच जागा अडवतो. तो काढून टाकला की क्रियाशीलता बरीचशी परत येते. पाण्याने मेलेलं केंद्र परत येत नाही. निदानासाठी हा फरक फार कामाचा आहे.

हायड्रोजन साखळी तोडतो, त्यामुळे मेल्ट फ्लो (वितळलेल्या प्लास्टिकचा वाहतेपणा) वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रॉपिलीनमध्ये त्याने वेगही वाढतो. एखादा रेणू उलटा (2,1) जोडला गेला की मिथाइल गट टायटॅनियमलगतच्या कार्बनवर येतो आणि पुढच्या रेणूची वाट अडते. केंद्र झोपतं. हायड्रोजन ती साखळी सोडवून त्याला जागं करतो. पुरावा कार्बन-13 एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीत) दिसतो: अशा साखळीच्या टोकाला एन-ब्यूटाइल गट सापडतो, एरवी आयसोब्यूटाइल.

सिलेन, म्हणजे सोबत घालायचं सिलिकॉनचं संयुग, विसरू नका. थॅलेटवाल्या उत्प्रेरकातला एस्टर टील ओढून काढतं; त्या जागी सिलेन बसलं नाही तर ॲटॅक्टिक (मिथाइल गट अस्ताव्यस्त बसलेला) भाग वाढतो, झायलीनमध्ये विरघळणारा अंश चढतो आणि पावडर चिकट होते. ॲल्युमिनियम-सिलिकॉनचं मोल गुणोत्तर 20 ठेवून सुरुवात करा.

उत्प्रेरक आणि टील मोनोमरशिवाय, म्हणजे प्रॉपिलीनशिवाय, गरम अवस्थेत ताटकळत ठेवू नका. टायटॅनियम दोन संयुजेपर्यंत उतरतं. ते इथिलीन जोडतं, प्रॉपिलीन नाही.