आमोसाचा तराजू

इसवी सनपूर्व आठव्या शतकात यहूदा या दक्षिणेकडील राज्यातल्या तकोवा गावचा आमोस हा बायबलमधला संदेष्टा (देवाचा निरोप सांगणारा), मेंढरे राखणारा आणि उंबरांची निगा करणारा माणूस, उत्तरेकडील इस्राएल राज्यातल्या बेथेलच्या राजमान्य मंदिरात जाऊन बोलला. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, केव्हा सरेल आणि माप लहान करून, तराजूत खोट ठेवून धान्य केव्हा विकता येईल, याची वाट पाहणाऱ्यांना त्याने देवाच्या नावाने जाब विचारला. रविवारच्या उपासनेनंतर मासळीबाजारात किंवा आंब्याच्या हंगामात दलालाच्या दारी उभे राहणाऱ्या कोकणातल्या आम्हा ख्रिस्ती माणसांना हे परके वाटू नये. संदेष्ट्यांत केवळ मशीहाची, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्याची, भाकिते शोधणे मला अपुरे वाटते. तुमची गाणी नकोत (आमची मात्र सुरेल असतात!), न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे आमोस सांगतो, पुदिना-जिऱ्याचा दशांश (देवाला द्यायचा दहावा हिस्सा) देऊन न्याय विसरणाऱ्यांना येशूनेही हेच सुनावले.