पाय कोणी हलवला?

आंब्याच्या हंगामात आमच्या फिजिओथेरपी विभागात झाडावरून पडलेले पेशंट येतातच. हा त्यातलाच. चाळिशीचा बागायतदार, झेला घेऊन चढला आणि फांदीसकट खाली आला. पाठीचा दहावा मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेचला गेला. ऑपरेशन होऊन सळ्या बसल्या, पण बेंबीच्या खाली ना हालचाल, ना संवेदना. सुरुवातीला पाय नुसते लुळे. गुडघ्यावर हातोडी मारली तरी ढिम्म. मोठ्या इजेनंतर खालचा मज्जारज्जू काही दिवस, कधी काही आठवडे असा गप्प पडतो. स्पायनल शॉक म्हणतात त्याला.

एका सकाळी वॉर्डात शिरते तोच त्याची बायको धावत आली. "मॅडम, ह्यांचा पाय हलला! तळवा पुसत होते, तर एकदम वर घेतला!" शेजारच्या कॉटवरच्या आजींनी तोवर देवाला नारळही बोलून टाकला होता.

मी त्याला म्हटलं, "दादा, डोळे मिटा." हातोडीच्या टोकदार दांड्याने तळव्याच्या बाहेरच्या कडेवर टाचेपासून बोटांकडे रेघ ओढली. अंगठा सावकाश वर उठला, बोटं फाकली आणि मग घोटा, गुडघा, खुबा अशा तिन्ही ठिकाणी पाय दुमडला.

"काही कळलं?"

"सुरू केलंत का?" त्याने विचारलं.

मग स्वतःहून पाय उचलायला सांगितलं. कपाळावरची शीर तट्ट फुगली, पाय जागचा हलला नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली. अशा वेळी "बघू, होईल हळूहळू" म्हणून वेळ मारून नेणारे खूप असतात. मला ते पटत नाही.

मी तिलाच स्टुलावर बसवलं, पाय लोंबते सोडायला लावले. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली, काही नाही. वहिनी पाय ताठ धरून बसल्या होत्या. मग हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितलं. ही एर्नो येंद्रासिक या हंगेरियन डॉक्टरची जुनी युक्ती. पुन्हा हातोडी मारताच पाय माझ्या ॲप्रनला लागला. "अगो बाई! मी नाही मारला हो!"

"तेच सांगतेय." हातोडीने वाटीखालचा स्नायूबंध (टेंडन) ताणला जातो, त्याच्याबरोबर मांडीचा स्नायू ताणतो. ती खबर संवेदी तंतूतून कमरेतल्या मज्जारज्जूत जाते, तिथे थेट स्नायूला हुकूम देणाऱ्या प्रेरक चेतापेशीला मिळते आणि स्नायू आखडतो. मागच्या स्नायूंना त्याच वेळी सैल पडायचा निरोप जातो. मेंदूला कळतं, पण नंतर. काट्यावर पाय पडला की "आई गं" म्हणायच्या आधी तो उचललेला असतो, तोही असाच. फक्त त्या वाटेत मधल्या चेतापेशी जास्त.

दादांची ही खालची वाट शाबूत होती. तुटली होती ती मेंदूकडे जाणारी आणि मेंदूकडून येणारी. वरून येणारा लगाम सुटला की या क्रिया उलट जास्तच जोरात होतात. अंगठा वर उठणं ही त्याचीच खूण. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने 1896 मध्ये ती मांडली. तान्ह्या बाळाचाही अंगठा असाच वर जातो, कारण त्याच्या या वाटा अजून पुऱ्या तयार झालेल्या नसतात.

दादा बराच वेळ छताकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे माझा पाय माझ्याशिवायच चाललाय." मी हो म्हटलं. मात्र हेही सांगितलं, की याच खालच्या वाटा जाग्या झाल्या म्हणून पुढे मूत्राशय आपोआप आकुंचन पावू लागेल. त्यावर नीट देखरेख लागते, कारण ते दरवेळी पूर्ण रिकामं होतंच असं नाही.

वहिनींनी लगेच कामाचं विचारलं. व्हीलचेअरवर पाय अचानक आखडून खाली घसरू नये म्हणून पट्टा कसा बांधायचा, सांधे रोज कसे फिरवायचे, हे करून दाखवलं. "आणि गरम पाण्याने शेकलं तर?" अजिबात नाही. पाय झटकला जातो म्हणून चटका कळतो असं नाही. पिशवी तशीच राहिली तर कातडी भाजेल आणि त्यांना पत्ता लागणार नाही. पिशवी कॉटखाली आणून ठेवलेलीच होती. ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घरी पाठवून द्या म्हटलं.