जुन्या एसयूव्हीत लोखंडाआधी रबर थकते

दहा-बारा वर्षे किंवा त्याहून जास्त चाललेली एसयूव्ही ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्यांत मोठ्या भागांचीच नावे येतात. कोणाचा गिअरबॉक्स गेलेला असतो, कोणाचा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), कोणाचे हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांमधले सील) उडालेले असते, तर कोणाला इंजिन पूर्ण उघडावे लागलेले असते. मी स्वतः बरीच वर्षे जुनी डिझेल एसयूव्ही वापरत आहे, तिची बहुतेक कामे मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून पाहिली आहेत आणि त्यातून माझे ठाम मत असे झाले आहे की हे मोठे भाग क्वचितच स्वतःच्या दोषाने जातात. त्यांच्या कितीतरी आधी एखादी रबरी नळी, प्लास्टिकची टाकी, ऑइल सील किंवा मुदत उलटून गेलेले तेल निकामी झालेले असते आणि मोठा भाग त्या छोट्या बिघाडाचा शेवटचा बळी असतो. म्हणून जुन्या गाडीची तक्रार ऐकताना काय तुटले एवढे विचारून भागत नाही. ते तुटण्याआधी काय संपले होते, हे शोधावे लागते.

यासाठी गाडीचे वय किलोमीटरसोबत वर्षांतही मोजले पाहिजे. पोलाद आणि ओतीव लोखंडाचे भाग घर्षणाने झिजतात, म्हणजे त्यांचे वय अंतराशी बांधलेले असते. रबर आणि प्लास्टिक मात्र गाडी उभी असली तरी उष्णता, हवेतील ओझोन आणि तेलाची वाफ यांमुळे कडक होत जातात. कमी चाललेली जुनी गाडी पाहून मालक निश्चिंत असतो, पण तिच्या नळ्या, बुश (जोडांतली रबरी कडी) आणि सील तेवढेच जुने असतात. त्यात एसयूव्हीचे वजन अनेकदा दोन टनांच्या घरात जाते, गुरुत्वमध्य उंच असतो आणि बॉनेटखाली टर्बो, एसी, स्टिअरिंग पंप अशी दाटी असल्याने उष्णता साठून राहते. छोट्या मोटारीत जे रबर आणखी काही वर्षे टिकले असते, ते येथे आधी हार मानते.

तक्रारींत पहिला मान कूलिंगचा आहे आणि तो योग्यच आहे. साधे पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, पण रेडिएटरच्या झाकणाने यंत्रणेत सुमारे 1 बार जादा दाब धरून ठेवला तर तेच पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट मिसळलेले असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. याचा अर्थ झाकणाचे छोटेसे रबरी सील सैल झाले तरी सगळी गणिते बदलतात. आजच्या बहुतेक रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन ते प्लास्टिक ठिसूळ होते आणि जाळीला जोडलेल्या कडेपाशी केसासारखी चीर पडते. ही गळती प्रथम फक्त इंजिन गरम असताना होते आणि थेंब तेथल्या तेथे सुकून जातात, म्हणून जमिनीवर काहीच दिसत नाही. कूलंटची पातळी हळूहळू उतरत असेल, तर गरम भागांवर पांढरट किंवा रंगीत सुकलेला डाग शोधावा, आणि गॅरेजमध्ये थंड इंजिनवर हातपंपाने दाब देऊन तपासणी करून घ्यावी. नुसते पाणी ओतत राहिले तर कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये पातळ होतात, पाण्याच्या पंपाचे पाते आणि अॅल्युमिनियमचे हेड आतून खाल्ले जाते, आणि एके दिवशी गाडी खरोखर तापली की हेड वाकते. त्या दिवशी मालकाच्या तोंडी हेड गॅस्केटचे नाव असते, पण सुरुवात झालेली असते त्या चिरेपासून.

रेडिएटरचाच आणखी एक आजार ऑटोमॅटिक गाड्यांत दिसतो. अनेक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच फिरवलेली असते. ती आतून फुटली की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील क्लच प्लेटांचे अस्तर कूलंटमधील पाणी व ग्लायकॉल लागले की सुटू लागते. 2005 ते 2010 या काळातील निसान पाथफाइंडर आणि एक्सटेरा या गाड्यांच्या बाबतीत ही तक्रार इतकी पसरली की अमेरिकेत त्यावर मालकांनी सामूहिक दावा लढवला. कूलंटच्या टाकीत दुधाळ गुलाबी किंवा तपकिरी साय दिसली, तर गाडी त्याच ठिकाणी बंद करून उचलून न्यावी. अशा गाडीत जुना रेडिएटर वेळेत बदलणे, किंवा तेलासाठी वेगळा कूलर बसवून घेणे, हाच माझ्या मते सर्वांत शहाणा खर्च आहे.

तेलगळतीबद्दल मालक फार लवकर हात टेकतात, कारण जुनी गाडी थोडे तेल टाकणारच अशी समजूत आहे. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे, गॅस्केट कडक होऊन झिरपते, हे साधे आहे. पण एका वेळी अनेक सील गळू लागले, तर सील बदलण्याआधी इंजिनचा ब्रीदर तपासावा. पिस्टनच्या कडेने खाली उतरणारे वायू ब्रीदरच्या झडपेतून बाहेर निघतात. ती झडप काजळीने बुजली की इंजिनच्या पोटात दाब वाढतो आणि तो तेलाला सापडेल त्या सीलमधून ढकलतो. क्रँकच्या मागचे सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ब्रीदर तसाच राहिला तर नवे सीलही पुन्हा गळते.

डिझेल गाड्यांत काजळीचे काम स्वतंत्र आहे. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी ईजीआर झडप धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवते. त्या धुरातील काजळी आणि ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ एकत्र आली की इनटेकच्या आत जाड काळा थर चढतो, हवेची वाट अरुंद होते, गाडी ओढत नाही आणि काळा धूर टाकते. अशा वेळी टर्बोवर संशय जातो. पण टर्बो बदलण्याआधी इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी नळ्या हाताने दाबून चीर आहे का ते पाहावे, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या पाहाव्यात आणि टर्बोची हलती पाती चालवणारा दांडा मोकळा फिरतो का ते तपासावे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे त्याचा खरा शत्रू उशिरा बदललेले तेल आणि त्याला तेल पोहोचवणाऱ्या नळीत साचलेला कोळसा हाच असतो. ज्या गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आहे, तेथे प्रत्येक फेरी नेहमीच छोटी असेल तर सुमारे 600 अंशांवर काजळी जाळून होणारी सफाई अर्धवट राहते, त्यासाठी जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर तेलाची पातळी चक्क वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणजे बरे झाले असे समजू नये. ते तेल पातळ झालेले असते आणि बेअरिंग धरून ठेवण्याची ताकद त्यात उरलेली नसते.

इंजिनच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या टायमिंग बेल्टबद्दल थोडक्यात सांगता येते. साधारण एक ते दीड लाख किलोमीटर किंवा उत्पादकाने दिलेली वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तो बदलावा, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही सोबतच बदलावा. बेल्टऐवजी साखळी असलेल्या इंजिनात थंड स्टार्टला काही क्षण खडखड ऐकू आली, तर टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) आणि साखळीची लांबी पाहून घ्यावी.

एसयूव्हीची खास अशी तक्रार फोर व्हील ड्राइव्हची आहे आणि येथे न वापरल्यामुळे होणारे नुकसान वापरापेक्षा मोठे असते. ट्रान्सफर केसमधले (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतले) फोर्क, पुढच्या हबला जोडणारी व्हॅक्यूमची किंवा विजेची यंत्रणा, हे सगळे वर्षभर हलले नाही तर गंजून जागच्या जागी बसते आणि गरज पडते त्या दिवशी दिवा नुसता लुकलुकत राहतो. महिन्यातून एकदा मातीच्या किंवा ओल्या रस्त्यावर थोडे अंतर फोर व्हीलमध्ये चालवले की तेल फिरते आणि भाग मोकळे राहतात. कोरड्या डांबरावर मात्र पार्ट टाइम प्रकारची, म्हणजे गरजेपुरती जोडायची, यंत्रणा लावू नये, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि मधला ताण सोडायला जागाच नसते. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत टायरचा प्रश्न येतो. दोन टायर नवे आणि दोन झिजलेले अशी जोडी लावली, तर त्यांचा घेर वेगळा असल्याने मधले कपलिंग सतत घसरत राहते आणि तापते. नक्षीच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक पडू देऊ नये आणि शक्यतो चारही टायर एकत्र बदलावेत.

गिअर पुढून रिव्हर्सला टाकताना खालून एकदाच टण् असा आवाज येत असेल, तर तो बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद अॅक्सलकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे त्याच्या टोकाच्या जोडाचा, असतो. तेथे ग्रीसचे निपल असूनही सर्व्हिसमध्ये ते अनेकदा कोरडेच राहते, म्हणून मी ते काम समोर उभे राहून करून घेतो. डिफरन्शियलच्या (अॅक्सलच्या मध्यावरील, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) वर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्यायेण्याचे छिद्र, असतो. गरम झालेले डिफरन्शियल अचानक पाण्यात गेले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. पाण्यातून गाडी काढल्यावर काही दिवसांत डिफरन्शियलचे तेल दुधाळ झाले आहे का ते पाहणे म्हणूनच गरजेचे आहे. तेच तेल पुढे राहिले तर गिअरचे दात आणि बेअरिंग गंजतात आणि मग वेगाबरोबर वाढणारी हूं हूं सुरू होते. चाकाच्या बेअरिंगचा आवाजही असाच असतो, पण तो वळणावर भार एका बाजूला गेला की बदलतो आणि त्यावरून दोन्ही ओळखता येतात.

सस्पेन्शनमध्ये मला सर्वांत गंभीर वाटते ती पुढे सलग अॅक्सल असलेल्या गाड्यांची थरथर. एखाद्या खड्ड्यावरून जाताच स्टिअरिंग इतके जोराने हलू लागते की ब्रेक मारून वेग उतरवल्याशिवाय ते थांबत नाही. अनेक ठिकाणी यावर नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून दिला जातो आणि काही काळ थरथर दबते, पण अॅक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांतली ढिलाई तशीच राहते. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे डावीउजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक जोड पाहावा. जो जोड चाकाआधी हलतो, तो दोषी असतो. एअर सस्पेन्शनच्या गाड्यांत कॉम्प्रेसर जळाल्याची तक्रार येते, पण तेथेही आधी हवेच्या रबरी पिशवीला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि ती गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर थकलेला असतो. पिशवी न बदलता नवा कॉम्प्रेसर लावणे म्हणजे तोही जाळणे होय.

ब्रेकच्या बाबतीत एवढी जड गाडी उतारावर थांबवायची असते, हे विसरू नये. डॉट 4 प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. हवेतील ओलावा शोषून घेतल्यावर तो 155 अंशांपर्यंत खाली येण्यास त्या प्रतीत मुभा आहे. दर दोन वर्षांनी ते बदलणे याच कारणाने सांगितले जाते. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) सरकत्या पिना अडकल्या की एकाच बाजूचे पॅड संपते आणि गाडी ब्रेक मारताना ओढते.

विजेच्या तक्रारी माणसाला सर्वांत जास्त दमवतात, कारण एकाच वेळी एबीएस, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्सचे दिवे लागतात आणि सगळी गाडीच बिघडली असे वाटते. अशा वेळी बॅटरीपासून सुरुवात करावी. बंद गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळाले पाहिजेत. हे ठीक असेल तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी काढून घासून पुन्हा घट्ट बसवावी, आणि सनरूफ असेल तर त्याच्या पाणी निघण्याच्या नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहावे, कारण त्या बुजल्या की पाणी गालिच्याखाली उतरते आणि तेथील जोड हिरवे पडतात. स्कॅनरने दिलेला कोड हा भागाचा निकाल नसतो. पी 0420 हा कोड धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता कमी झाल्याचे सांगतो, पण धुराच्या नळीतील गळती, थकलेला ऑक्सिजन सेन्सर किंवा नीट न पेटणारा सिलिंडर यांमुळेही तो येऊ शकतो, आणि मूळ कारण न शोधता बदललेला नवा कन्व्हर्टरही खराब होतो.

या सगळ्यांत एकच गोष्ट अशी आहे की जिथे लोखंडच आधी हरू शकते, आणि ती म्हणजे चेसिस. समुद्राजवळची खारी हवा किंवा बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ पोकळ लोखंडी बीममध्ये चिखलाबरोबर साचते आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणून वरून रंग ठीक दिसतो. टोयोटाने टाकोमा, टुंड्रा आणि सिकोइया या गाड्यांच्या गंजलेल्या फ्रेमवरून 2016 मध्ये अमेरिकेत मालकांशी तडजोड केली, यावरून नावाजलेल्या गाडीलाही हा रोग चुकत नाही हे दिसते. जुनी एसयूव्ही घेण्याआधी, किंवा आपल्याच गाडीवर मोठा खर्च करण्याआधी, ती लिफ्टवर चढवून मागच्या अॅक्सलच्या वरचे वळण, सस्पेन्शनचे ब्रॅकेट आणि बीमची पाणी निघण्याची छिद्रे हातोडीने हलके ठोकून तपासावीत. आवाज खणखणीत आला तर वर सांगितलेली बाकीची सर्व कामे करण्यात अर्थ आहे. आवाज बद्द आला, पापुद्रे गळाले किंवा हातोडी आत रुतली, तर इंजिन आणि गिअरबॉक्स कितीही चांगले असले तरी त्या गाडीवर पुढचा खर्च मी करणार नाही.