हलकी घ्यायची की जड? रॅकेटच्या वजनाबद्दल थोडं

शनिवार-रविवार टेनिस खेळणाऱ्या कुणी विचारलं की रॅकेट कोणती घेऊ, तर दहातले आठ जण सांगतात, हलकी घे रे, हाताला त्रास नको. मला हा सल्ला अजिबात पटत नाही, कारण हाताला त्रास बऱ्याचदा त्या हलक्या रॅकेटनेच होतो.

बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो आणि समोरून जोरात येतो. रॅकेटला स्वतःचं वजन असेल तर ती तो धक्का पचवते, नसेल तर तीच मागे ढकलली जाते, आणि बॉल मधोमध न लागता जरा कडेला लागला की हातात गर्रकन फिरते. मग आपण नकळत ग्रिप अजून घट्ट धरतो आणि सगळा झटका मनगटातून कोपरापर्यंत जातो. त्यात अगदी हलक्या रॅकेट बऱ्याचदा कडक फ्रेमच्या आणि हेड हेवी, म्हणजे वजन दांड्यापेक्षा डोक्याकडे जास्त असलेल्या, असतात, त्यावर कुणी कडक पॉलिएस्टर स्ट्रिंग लावून दिली की मग कोपराचं काही खरं नाही.

आकडे बघताना एक लक्षात ठेवा, रॅकेटवर छापलेलं वजन बहुतेक वेळा स्ट्रिंगशिवायचं असतं. स्ट्रिंगचे साधारण १५-१८ ग्रॅम आणि ओव्हरग्रिपचे (दांड्यावर वरून गुंडाळायची पट्टी) ५-६ धरले तर २८५ ची रॅकेट हातात येईपर्यंत ३०५ च्या आसपास जाते. छापलेल्या वजनात ढोबळमानाने २७० च्या खाली हलकी, २८५ ते ३०० मधली आणि ३०५ च्या पुढे जड. बाबोलातची प्युअर ड्राइव्ह, जी सगळीकडे दिसते, ती ३०० ची. फेडररच्या नावाची विल्सन प्रो स्टाफ आरएफ ९७ तर स्ट्रिंगशिवायच ३४०, ती हौशी खेळाडूने फक्त हातात घेऊन बघावी.

पण खरी गंमत वजनापेक्षा बॅलन्समध्ये, म्हणजे रॅकेट कुठे तोलली जाते त्यात, आहे. दोन्ही रॅकेट २८५ च्याच, पण एकीचा बॅलन्स दांड्याच्या टोकापासून ३२ सेंमीवर आणि दुसरीचा ३४ वर, तर दुसरी फिरवताना चांगलीच जड लागते. फिरवताना लागणाऱ्या या जडपणालाच स्विंगवेट म्हणतात आणि दुकानात उभ्या उभ्या दोनदा हवेत फिरवून ते कळत नाही, तिथे हलकी रॅकेट नेहमीच मस्त वाटते. नेटजवळ व्हॉलीला (टप्पा पडायच्या आधीच मारलेला फटका) मात्र लगेच कळतं, हलक्या रॅकेटने हात पटकन पोचतो पण जोरातला बॉल आला की ती डगमगते आणि बॉल नुसता खाली पडतो, थोडी वजनदार आणि हेड लाइट (वजन दांड्याकडे जास्त) असेल तर नुसती आडवी धरली तरी बॉल खोल जातो.

म्हणून डेमो रॅकेट, म्हणजे खेळून बघायला दिलेली, मिळाली तर पहिल्या दहा मिनिटांवर जाऊ नका, दीड तास, चांगलं दमेपर्यंत खेळा, आणि मग सर्व्हिस रिटर्नला बॅकहँड बघा. बॉल शरीराच्या पुढे लागतोय का? उशीर होऊन मागे लागायला लागला, खांदा ओढायला लागला तर ती तुमच्यासाठी जड आहे, मग नावाजलेली का असेना. आणि तासाभरानंतरही वेळेवर लागतोय तर उगाच त्याहून हलकी घेऊ नका. मोठ्या माणसाने, काही दुखणं नसेल तर, २८५-२९५, हेड लाइट, फ्रेम फार कडक नसलेली आणि मल्टिफिलामेंट (बारीक तंतूंची, मऊ) स्ट्रिंग इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. नवीन शिकणारे किंवा हातात ताकद कमी असलेले यांनी २६५-२७५ घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त हेड हेवी नको.

आणि दोन रॅकेटमध्ये अगदीच अडलात तर हलकीच घ्या कारण तिच्यात वजन घालता येतं, हेडच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ३ आणि ९ असतात तिथे, लेड टेपचा (शिशाची चिकटपट्टी) एकेक ग्रॅम लावा, कडेला लागलेला बॉल रॅकेट कमी फिरवतो हे लगेच जाणवेल. एकदम चार-पाच ग्रॅम चिकटवू नका, त्याने स्विंगवेट भराभर वाढतं. लावल्यावर दोन-तीनदा खेळा, मग गरज वाटली तर अजून.