कोल्हापूर नावाचे इंजिन

आज सकाळी शाहू टर्मिनसवर महालक्ष्मी एक्सप्रेसची वाट पाहताना, आपल्या गावाच्या नावाचे वाफेचे इंजिन इंग्लंडमध्ये अजून जतन केलेले आहे, हे पुतण्याला सांगितले आणि त्याचे डोळे विस्फारले. १९३४ साली ग्लासगोत बांधलेले हे ‘कोल्हापूर’ ब्रिटिश रेल्वे अभियंते विल्यम स्टॅनियर यांच्या १९१ इंजिनांच्या ‘ज्युबिली’ वर्गातले आहे. तीन सिलिंडर आणि ६ फूट ९ इंच व्यासाची चाके असूनही या वर्गाला सुरुवातीला पुरेशी वाफ मिळत नसे, कारण वाफ अधिक तापवणाऱ्या नळ्या बॉयलरमध्ये फारच कमी होत्या. त्या वाढवल्यावर ही इंजिने भरवशाची ठरली. मला ही दुरुस्तीच मूळ आराखड्याहून मोलाची वाटते.

‘काका, ते इथे कधी आले होते का?’ असे त्याने विचारले. तिकडचे रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे, तर आपला मिरज मार्ग तेव्हा मीटरगेज, म्हणजे १,००० मिलिमीटर रुंदीचा होता; त्यामुळे ते इथे धावूच शकले नसते.